एक बादली गुलाबी पाणी

माझ्या पीएच.डी.चं सातवं वर्ष सुरू होतं आणि घरात तिचं नाव कुणी काढत नसे. जुनं दुखणं असलेल्या माणसाला "आता कसं वाटतंय?" असं विचारायचं लोक हळूहळू सोडून देतात, तसं झालं होतं. आईला कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणायची, "चाललंय तिचं कायतरी पावडरीचं."

आई चुकत नव्हती. पावडरच होती. नाव बेरियम टायटनेट, दिसायला रांगोळी, जात कपबशीची, म्हणजे भट्टीत भाजून केलेली. तिचा गुण मात्र कपबशीत नसतो. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आत एक खडा दाबला जातो, त्यातून वीज निघते आणि ठिणगी पडते. माझी पावडर त्या खड्याची सख्खी बहीण. ती रंगीत पाण्यात टाकायची आणि पाण्याला कानाला ऐकू न येणारी बारीक थरथर द्यायची. मग एकेक कण दाबला जातो, एकेक कण लायटर होतो, आणि त्या विजेपायी पाण्यात असं काही तयार होतं की रंगाच्या रेणूचे तुकडे पडतात. रंगकामाचं, कारखान्याचं पाणी स्वच्छ करायला याचा उपयोग व्हावा, ही सगळी खटपट. जगभर लोक हे करताहेत. माझ्या वाट्याला त्यातलं एक कोपऱ्यातलं काम आलं होतं. या पावडरीची ताकद वाढवायची.

मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. माहेर काष्टीजवळच्या एका वाडीत. माझे गाइड, त्यांना मी नुसतं सर म्हणते, त्या वर्षी म्हणाले, "बाटलीतला रंग पुरे झाला. खरं घाण पाणी आणा कुठून तरी." घाण पाण्याचा विषय निघाला आणि मला वाडीतले रंगारीकाका आठवले, हे काकांना कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

काष्टीचा बैलबाजार मोठा. बैल आला की त्याचा साज आला. म्होरकी, कासरे, कपाळावरचे गोंडे. काका या गोंड्यांचं सूत रंगवायचे. हिरवं, पिवळं, आणि सगळ्यात जास्त रानी, म्हणजे डोळ्यांत घुसणारा गडद गुलाबी. चाळीस वर्षं हेच काम. दोन्ही हातांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत कायमची गुलाबी. लग्नात वाढायला उभे राहिले की नवखा पाहुणा ताट मागे घ्यायचा, आणि काका मुद्दाम आग्रह करून आणखी एक जिलबी वाढायचे.

मी कॅन घेऊन गेले, तेव्हा त्यांनी आधी माझी फिरकी घेतली. "लोकं दूध न्यायला येत्यात, तू गटार न्यायला आलीस व्हय?" मग मी लायटरपासून सगळं समजावून सांगितलं. दाबलं की वीज निघते, हे ऐकून ते गंभीरपणे म्हणाले, "आशी मानसं आपल्या वाडीतबी हायेत. दाबलं की करंट मारत्यात. त्यांच्यावर कर की पीएच.डी."

पण माणूस नुसता चेष्टेखोर नव्हता. पुढच्या वेळी मी दोन बाटल्या नेल्या होत्या, दोन्हींत तेच गुलाबी पाणी, एकीत रंग किंचित जास्त. मला स्वतःला फरक दिसत नव्हता, मशीनने सांगितला होता. काकांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या आणि डावी पुढे केली. "हिच्यात चिमूटभर जास्ती हाय." बरोबर होतं. मी तिसऱ्या वेळी तीन बाटल्या नेल्या, त्याही त्यांनी क्रमाने लावून दिल्या. त्यानंतर मी परीक्षा घ्यायची सोडली. खरं सांगते, मला या माणसाचा लळा लागला. रविवारी माहेरी जाण्याचं निमित्त आई असायची आणि पहिला चहा काकांकडे व्हायचा. आईला हे कळायचं आणि ती भाजीत मीठ जास्त घालायची.

भांडण सुरू केलं आक्कांनी. आक्का काकांच्या शेजारीण. काकांच्या पिंपांचं पाणी गटारातून ओढ्यात जायचं आणि आक्कांची बैलजोडी त्या ओढ्यावर पाणी प्यायची. एक दिवस आक्का ग्रामपंचायतीत गेल्या. "माज्या बैलांची तोंडं गुलाबी हुत्यात," त्या सरपंचांना म्हणाल्या. "पोळा वर्साला येकदाच आसतो ना? यांच्यापायी माजी बैलं रोजच सजल्याली."

लोक हसले, पण आक्कांचं म्हणणं खरं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. काकांना नोटीस आली. राखीपौर्णिमेपर्यंत रंगाचं पाणी स्वच्छ करायची सोय करा आणि तसं कुणा जाणकाराचं पत्र आणा, नाहीतर रंगकाम बंद. राखीपौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी पोळा. गोंड्यांचा धंदा म्हणजे पोळ्याआधीचा महिना. बाकीचं वर्ष त्याच महिन्यावर चालतं.

काकांनी नोटीस मला दाखवली आणि घडी घालून खिशात ठेवली. "तुजी पावडर हाय की," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला तो असा, जणू मी त्यांना छत्री आणून देणार होते.

मग मी झपाटल्यासारखी कामाला लागले. ताकद वाढवायची सोपी वाट म्हणजे पावडर आणखी बारीक करायची. कण बारीक झाला की तेवढ्याच वजनात जास्त पृष्ठभाग मिळतो. मी ती दळली, परत भाजली, परत दळली. शेवटी ती हातात घेतली तरी जाणवेना. काकांचं पाणी घेतलं, पावडर टाकली, थरथर दिली, आणि तासाभरात पाणी असं निवळलं की मी बाटलीतून खिडकीबाहेरचं सायकल स्टँड बघितलं. मशीनवर आलेख सरळ खाली आला. सर सहसा "बरं आहे" याच्या पुढे जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा मागवला. पेपर लिहून झाला. विभागाच्या लेटरहेडवर काकांसाठी पत्र तयार झालं, सह्या झाल्या, शिक्का बसला. सदर पद्धतीने पाण्यातील रंग पूर्णपणे नष्ट होतो, असं त्यात छान टाईप केलं होतं.

पत्र न्यायला काका स्वतः नगरला आले. आषाढ संपत आला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर पांढरा पंचा. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि मी नको म्हटलं तरी बाहेरच ठेवल्या. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आता दाखीव तर खरं, कसं उडतं ते."

मी दाखवलं. जादूगाराच्या थाटात दाखवलं, हे कबूल करते. पाणी निवळलं. मी काचेची नळी यंत्रात फिरवून पावडर तळाशी बसवली, वरचं पाणी ओतून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. काकांनी त्या पाण्याकडे बघितलंच नाही. ते माझ्या दुसऱ्या हातातली नळी बघत होते. ती मी धुवायला टाकणार होते.

"ती दे बरं इकडं."

"अहो काका, ती रिकामी आहे. पावडर आहे तळाला नुसती."

"तीच दे."

इथे सांगायला हवं की आमच्या प्रयोगशाळेत सगळे पाणी बघतात. मशीनला पाणी देतात, आकडा पाण्याचा लिहितात, पावडर टाकून देतात. रंगारी आयुष्यभर पाणी ओतून देतो. पाणी फिकं पडलं की त्याला एकच गोष्ट कळते, रंग सुतावर बसला. काकांनी नळी उजेडात धरली. तळाशी चिमूटभर पावडर होती, आणि ती पांढरी नव्हती.

"ताई," ते हळूच म्हणाले, "रंग ग्येला न्हाई. तुज्या पावडरीवर बसलाय."

मी चिडले. आज आठवलं की मान खाली जाते, पण चिडले. "काका, मशीन खोटं बोलत नाही. तुम्हाला आपलं उगाच वाटतंय." त्यांनी कढत पाणी मागितलं. ॲसिटिक ॲसिडची बाटली त्यांनी वासावरून ओळखली, रंगकामात तेच लागतं. दोन थेंब त्या पाण्यात टाकले, नळीत ओतलं, अंगठा लावून हलवलं. मग पंच्याचं टोक त्यात बुडवलं आणि माझ्यापुढे धरलं.

टोक गुलाबी झालं होतं. तोच रानी गुलाबी.

मी स्टुलावर बसले. चूक कुठं झाली ते मला त्याच क्षणी कळलं. थरथर देण्याआधी पावडर रंगात नुसतीच ठेवायची असते, अर्धा तास. जेवढा रंग चिकटायचा तेवढा चिकटून होऊ द्यायचा आणि मग मोजायला सुरुवात करायची. जाड्याभरड्या पावडरीला अर्धा तास पुरायचा. माझी नवी पिठासारखी पावडर अर्ध्या तासानंतरही रंग पीतच होती, आणि मी अर्ध्या तासाचा जुना हिशेब तसाच पुढे रेटला होता. तिने रंग तोडला असेल, पण नावापुरता. बाकीचा नुसता अंगाला लावून घेतला होता. सात वर्षं शिकून मी एक महागडं सूत तयार केलं होतं.

काकांनी खिशातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"राहू दे की," मी म्हणाले. हे वाक्य मी म्हणाले, मीच. "कुणाला काय कळणार आहे? पोळा होऊ दे. तोवर मी करते काहीतरी."

"कुनाला कळायचं न्हाई," ते म्हणाले. "पन पावडर धुतली की रंग वढ्यातच जानार, बैलांची तोंडं तर गुलाबी व्हनारच की."

मग ते बाहेर गेले, चपला घातल्या आणि परत आत डोकावले. मला वाटलं, मन बदललं. "रडू नको," ते म्हणाले. "माजा पयला घानाबी सगळा वाया गेल्ता. बापानं मला तेच भगुलं घासायला लावलं हुतं." आणि ते एसटी गाठायला गेले. ते पत्र मी कपाटात टाकलं. सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला सारला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "तो माणूस आपल्याकडे आधी यायला हवा होता."

काकांनी राखीपौर्णिमेची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवसापासून पिंपं पालथी घातली. आईचा फोन आला. "अगं, त्यानं पांढरं सूतच विकायला काढलंय. लोकं इचारत्यात, कोन मेलं का काय."

आता दुसरी वाट धरली. ती आधीपासून माहीत होती, कटकटीची म्हणून मी टाळत आले होते. या पावडरीच्या प्रत्येक कणात विजेची एक दिशा असते, पण प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. बाजारात मोकळी सोडलेली गुरं जशी कुठंही तोंड करून उभी असतात तशी. थरथर दिली तरी एकाची वीज दुसऱ्याला मारते. त्यांना दावणीला बांधायचं, सगळ्यांची तोंडं एकीकडे करायची, म्हणजे जोर एकवटतो. त्यासाठी पावडर दाबून रुपयाएवढ्या चकत्या करायच्या, भाजायच्या, गरम तेलात ठेवून मोठा विजेचा दाब द्यायचा आणि तो दाब तसाच ठेवून गार होऊ द्यायच्या. गार झाल्या की तोंडं तशीच राहतात. मग परत कुटायच्या, पण जपून, पीठ न करता.

पहिल्या चकत्या तेलात तडकल्या. पुढच्यांना ठिणगीने आरपार भोक पडलं, मधोमध, काळं. मी तेल बदललं, चकत्या जास्त भाजल्या, दाब हळूहळू वाढवायला शिकले. माझा स्वभाव हळूहळू काही करायचा नाही, हे मला ओळखणारे सांगतील. त्या तीन आठवड्यांत तो बदलला नाही, पण मी त्याला दाबून बसवला. शेवटी बारा चकत्या न फुटता बाहेर आल्या. एका बादलीला पुरेल एवढी पावडर झाली. मी ती रंगात आधी रात्रभर नुसती ठेवली. अर्ध्या तासावरचा माझा विश्वास उडाला होता. मग थरथर दिली आणि मशीनकडे न जाता आधी पावडर बघितली. ती जवळजवळ पांढरी होती.

पोळ्याला चार दिवस होते. सरांच्या परवानगीने थरथर देणारं मोठं भांडं मी रिक्षात मांडीवर घेतलं, मग एसटीत मांडीवर घेतलं आणि काकांच्या दारात उतरवलं. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "बाहेरनं लावा, आत नको." काकांनी एक बादलीभर रंग केला, त्यात दोन गोंड्यांचं सूत रंगवलं आणि उरलेलं गुलाबी पाणी भांड्यात ओतलं. मी पावडर टाकून थरथर सुरू केली. ओट्यावर आम्ही दोघं बसलो. वीज दोनदा गेली, दोनदा आली. दुपारी पाणी निवळलं. काकांनी पाण्याकडे बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. तळाची पावडर काढली, कढत पाण्यात ॲसिडचे थेंब टाकून हलवली. काकांनी पंच्याचं दुसरं टोक बुडवलं, उन्हात धरलं, उलटं केलं, परत धरलं.

"न्हाई म्हनायला हाय जरासा," ते म्हणाले. "पन लई थोडा." आणि मग इतकं हसले की काकू चूल सोडून बाहेर आल्या. मला रडू फुटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"आता लिव्ह," काका म्हणाले.

मी तिथेच हाताने पत्र लिहिलं. विभागप्रमुखांची सही मग दुसऱ्या दिवशी घेतली. एका वेळी एक बादली पाण्यातला रंग जवळजवळ सगळा तुटतो. हे पाणी पिण्यासाठी नाही, रंगाचे बारीक तुकडे त्यात असू शकतात. ते ओढ्यात न सोडता पुढच्या रंगकामाला वापरावं. पुढची पावडर होईपर्यंत भांडं कॉलेज देईल. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि "एक बादली" या शब्दांवर गुलाबी बोट ठेवून मान डोलावली.

पंचायतीत सरपंचांनी ते मोठ्याने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "येका बादलीत धंदा व्हतो व्हय?"

"पाच पिंपं सोडत हुतो तवा तरी कुटं बंगला बांदला?" काका म्हणाले.

सगळे आक्कांकडे बघायला लागले. तक्रार त्यांची होती. आक्का पदर सावरत उठल्या. "मला येक सांगा, सीजनला पिंपं कुनी पालथी घातली? नोटिशीनं? तारीख तर फुडं हुती." त्यांनी काकांकडे बोट केलं. "म्या रोज बगत हुते. पांढरं सूत विकत बसला, पन थेंब सोडला न्हाई. एक बादली म्हनतोय तर एकच आसंल. माजी हरकत न्हाई." खाली बसता बसता त्या परत उठल्या. "पन गोंडे पयले माज्या बैलांना."

पोळ्याच्या दिवशी मी सुट्टी घेऊन वाडीत राहिले. सकाळी सगळ्या जोड्या ओढ्यावर धुवायला आल्या. झुली होत्या, शिंगांना बेगड होती, आणि कपाळावर यंदा सगळ्यांना पांढरे गोंडे. एका जोडीचे फक्त गुलाबी. आक्का त्या दोघांना मिरवत मुद्दाम सगळ्यांच्या मधून घेऊन आल्या आणि पाण्यावर उभ्या राहिल्या.

काका माझ्या शेजारी दगडावर बसले होते. लोक गोंड्यांकडे बोट दाखवून त्यांना काहीबाही म्हणत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. बैलांनी ओढ्याला तोंड लावलं, पोटभर प्याले आणि माना वर केल्या. आम्ही दोघांनी एकदमच पुढे वाकून बघितलं.

तोंडं ओली होती, आणि काळीभोर होती.